कोळशावरचा कर, वाढ आणि धूर: आपल्या खान्देशात हिशोब कसा बसतो?

गिरणाकाठ

राम राम मंडळी.

जळगावला आमची लहानशी दालमिल आहे. वडिलांच्या काळात तुरीला तेल-पाणी लावून ती गच्चीवर पसरायचे. मे महिन्यात दोन-तीन दिवसांत माल कडक वाळायचा, पावसाळ्यात मात्र मिल जवळजवळ बंद असायची. मी लहान असताना ढग दिसले की घरातले सगळे गच्चीकडे धावायचे आणि फावड्याने डाळ ओढून ताडपत्रीखाली घ्यायचे. पुढे आम्ही ड्रायर बसवला. मिल बाराही महिने चालू लागली, माल दुपटीच्या वर गेला, कामगारांना वर्षभर काम मिळालं. गच्चीवर जे ऊन फुकट काम करत होतं, त्याची जागा भट्टीतल्या कोळशाने घेतली. वाढ आणि धूर हातात हात घालून चालतात म्हणजे काय, हे मी एकाच इमारतीत पाहिलंय.

चार वर्षांपूर्वी ड्रायरची भट्टी ब्रिकेटवर आणली. आपल्याकडे ज्याला पांढरा कोळसा म्हणतात, तो. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) आणि शेंगदाण्याच्या टरफलांचा भुसा दाबून केलेल्या कांड्या. त्या दिवसांत सुरतेहून येणारा इंडोनेशियाचा कोळसा भयंकर महागला होता, म्हणूनच हे झालं. पर्यावरणाचा विचार तेव्हा माझ्या डोक्यात नव्हता. वर्षभराने कोळसा उतरला आणि शेजारच्या दोन मिला परत त्याच्याकडे वळल्या. मी ब्रिकेटवरच राहिलो, कारण तोवर शेगडीच्या जाळ्या बदलून झाल्या होत्या आणि कामगारांचा हातही बसला होता.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. जाळणाऱ्याने धुराचं मोल द्यावं, ही कल्पना इंग्लंडच्या पिगू नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९२० साली मांडली. एकाच्या कामाचा त्रास तिसऱ्याला होत असेल आणि मालाच्या भावात तो त्रास धरलेला नसेल, तर कर लावून तो भावात आणायचा. कार्बनची किंमत म्हणतात ती हीच.

आपल्या देशात हे नवीन आहे असं पुष्कळांना वाटतं, पण तसं नाही. २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लागला. २०१४ मध्ये तो १०० झाला, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४००. औष्णिक केंद्रात एक युनिट विजेला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे युनिटमागे २६ ते २८ पैसे आपण सगळेच भरत होतो, फक्त बिलावर ती ओळ कधी दिसली नाही. आपला एक टन कोळसा जळला की दीड टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. ४०० रुपये म्हणजे टनभर धुराला अडीचशे रुपयांच्या जवळपास, साधारण तीन डॉलर.

आणि हा पैसा गेला कुठे? स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून निधी काढला होता. २०१०-११ ते २०१७-१८ पर्यंत उपकराचे सुमारे ८६ हजार कोटी जमा झाले, त्यातले तीस हजार कोटीही निधीत पोचले नाहीत आणि प्रत्यक्ष खर्च झाले जेमतेम सोळा हजार कोटी. २०१७ ला जीएसटी आल्यावर हाच उपकर राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवला गेला.

आता सप्टेंबर २०२५ पासून ४०० रुपये गेले आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. कागदावर कर वाढलेला दिसतो. पण मांडून बघा. १,५०० रुपये टनाच्या कोळशावर पूर्वी ७५ अधिक ४०० म्हणजे ४७५ रुपये जायचे, आता २७० जातात. ६,००० रुपयांच्या आयात कोळशावर पूर्वी ७०० जायचे, आता १,०८० जातात. कोळशाचा भाव साधारण ३,१०० च्या खाली असेल तर कर कमी झाला, वर असेल तर वाढला. म्हणजे कर धुरावर राहिला नाही, भावावर गेला. जास्त राखेचा स्वस्त कोळसा सुटला. आमची डाळ ३० किलोच्या कट्ट्यात जाते, तिच्यावर जीएसटी नाही, त्यामुळे कोळसा घेणाऱ्या मिलवाल्याला भरलेला कर परतही मिळत नाही.

तर प्रश्न असा: धूर न वाढता वाढ होऊ शकते का? होत असेल तर कार्बनची किंमत त्याला कितपत कारण ठरते? आणि ती आपल्यासारख्या मुलखात कुणी भरायची?

बोर्डभाव

गिरणाकाठ भाऊ, हिशोब चांगला मांडलात. पण कुणी भरायची म्हणता? आम्ही ती भरतोच आहोत.

रावेर तालुक्यात माझी केळी आहे, पावसाळ्यात लावायची मृगबाग आणि ऑक्टोबरच्या सुमारास लावायची कांदेबाग, दोन्ही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर सरकला की बागेत उभं राहवत नाही. पानं कडेने करपतात, दांडा मऊ पडतो आणि भरलेला घड मधूनच मोडून खाली येतो. पडलेल्या घडाला बऱ्हाणपूर-रावेरला रोज बोर्डावर जाहीर होणारा भाव मिळत नाही, व्यापारी हातही लावत नाही. बांधाला गजराज गवत आणि शेवरी लावून गरम वारा अडवतो, तेवढंच आमच्या हातात. हवामानावर आधारित फळपीक विमा आहे, पण तो महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर ठरलेलं तापमान ठरलेले दिवस सलग राहिलं तरच लागू होतो. माझ्या बागेतल्या आणि केंद्रातल्या तापमानात फरक पडला तर तो फरक माझा.

दुसरी गोष्ट. ठिबक आलं तेव्हा सगळे म्हणाले, पाणी वाचेल. एकरामागे खरंच वाचलं. पण वाचलेल्या पाण्यावर आम्ही दोन एकराची चार एकर केळी केली. यावल-रावेरची भूजल पातळी किती खाली गेली ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्याच विहिरीत आडवे बोर मारून झाले, मग उभे बोअर झाले. आता धुराच्या बाबतीत सरकार म्हणतं, जीडीपीच्या एका रुपयामागे धूर कमी करू. मला तर यात ठिबकचीच गोष्ट दिसते.

आणि एक सावध करायचं आहे. मागच्या वर्षी आमच्याकडे एका कंपनीचा माणूस कार्बन क्रेडिटचा, म्हणजे हवेतला कार्बन शोषल्याबद्दल पैसे देण्याचा, करार घेऊन आला होता. बांधावर झाडं लावा, खोडं कुजवून मातीत घाला, तुम्हाला दरवर्षी पैसे. करार वीस वर्षांचा. मी विचारलं, मातीतला कार्बन मोजणार कोण, किती वर्षांनी, आणि मध्येच झाड वादळात पडलं तर? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. कराराची मराठी प्रत मागितली, तीही नव्हती. गावातल्या अकरा जणांनी सह्या केल्या, वर्ष झालं तरी कुणी फिरकलं नाही. सही करण्याआधी मराठी प्रत आणि मोजणीची पद्धत मागाच.

उत्तरायण

मी मूळचा चोपड्याचा, गेली तेरा वर्षं स्वीडनमध्ये राहतो. पहिल्या प्रश्नाबद्दल इथलं सांगतो.

स्वीडनने १९९१ साली कार्बन कर लावला, टनाला साधारण २५ युरो. आज तो शंभर युरोंच्या वर आहे. १९९० पासून देशातला धूर तिसऱ्या हिश्श्याने कमी झाला आणि त्याच काळात अर्थव्यवस्था पाऊणपटीहून जास्त वाढली. म्हणजे होऊ शकतं. पण कसं झालं ते बघायला हवं. इथे घरं गरम ठेवण्यासाठी शहरभर गरम पाण्याचे नळ टाकलेले आहेत. एका मोठ्या बॉयलरमधून अख्ख्या वस्तीला ऊब जाते. त्या बॉयलरमध्ये पूर्वी तेल आणि कोळसा जळायचा. कर लागल्यावर त्यांनी जंगलकामातून उरलेल्या लाकडाच्या चिपा जाळायला सुरुवात केली, अगदी तुमच्या ब्रिकेटसारखं. वीज आधीपासूनच धरणांची आणि अणुभट्ट्यांची होती. म्हणजे कर आला तेव्हा दुसरा रस्ता तयार होता. शिवाय त्याच सुमाराला लोकांचा आयकर उतरवला होता आणि परदेशी स्पर्धेतल्या कारखान्यांना बरीच वर्षं सवलत होती.

ऑस्ट्रेलियाने जुलै २०१२ मध्ये टनाला २३ ऑस्ट्रेलियन डॉलर लावले आणि दोन वर्षांत, जुलै २०१४ मध्ये, ते मागे घेतले. फ्रान्समध्ये २०१८ ला डिझेलवरचा कर वाढायला निघाला तेव्हा खेड्यांतली आणि लहान गावांतली माणसं पिवळी जाकिटं घालून रस्त्यावर उतरली, कारण त्यांना कामावर जायला गाडीशिवाय दुसरं साधन नव्हतं. कॅनडाने तर गोळा केलेल्यातले बहुतेक पैसे घराघरात परत दिले, तरी एप्रिल २०२५ मध्ये ग्राहकांवरचा कर शून्यावर आणावा लागला. पैसे बँक खात्यात गुपचूप जमा व्हायचे, पंपावरचा भाव मात्र रोज डोळ्यांसमोर असायचा.

ज्यांनी विचारलं नाही त्यांच्यासाठी एक सूत्र सांगतो, फार उपयोगाचं आहे. जपानच्या योइची काया यांनी ते मांडलं. एकूण धूर म्हणजे चार गोष्टींचा गुणाकार: लोकसंख्या, माणशी उत्पन्न, एका रुपयाच्या उत्पन्नाला लागणारी ऊर्जा आणि त्या ऊर्जेच्या एका एककामागचा धूर. बोर्डभाव दादांची ठिबकची गोष्ट यात बरोबर बसते. तिसरा आकडा खाली येतो, पण दुसरा त्याच्यापेक्षा जोरात वर जातो, आणि गुणाकार वाढतच राहतो. भारताची धुराची तीव्रता, म्हणजे जीडीपीच्या एका रुपयामागचा धूर, २००५ ते २०२० मध्ये ३६ टक्क्यांनी उतरली, ही मोठीच गोष्ट आहे. त्याच काळात एकूण धूर वाढला. दोन्ही खरं आहे.

टर्बाइनवाले काका

मी औष्णिक वीज केंद्रात एकतीस वर्षं काम करून निवृत्त झालो. भुसावळला राहतो. कोळशाचे रेक अजूनही घरातून ऐकू येतात.

गिरणाकाठ, तुमचा ६५०-७०० ग्रॅमचा आकडा बरोबर आहे. जुन्या २१० मेगावॅटच्या संचाला त्याहून जास्त लागतो, ५०० ला थोडा कमी आणि नव्या ६६० च्या सुपरक्रिटिकल संचाला आणखी कमी. दीपनगरला हे तिन्ही प्रकार एकाच आवारात आहेत. हीट रेट, म्हणजे एका युनिटला लागणारी उष्णता, एक टक्का सुधारायला आम्ही रात्र-रात्र कंडेन्सरच्या नळ्या साफ करून घ्यायचो, त्यामुळे कोळसा वाचण्याची किंमत मला ठाऊक आहे.

पण तुम्ही म्हणता त्या २६-२८ पैशांनी धूर का कमी झाला नाही, ते मी सांगतो. राज्यात कोणतं केंद्र किती चालवायचं हे मेरिट ऑर्डरने ठरतं. ज्याचा युनिटचा इंधनखर्च कमी, त्याला आधी बोलावतात. उपकर सगळ्याच कोळसा केंद्रांवर सारखा बसला, त्यामुळे रांगेतली जागा बदलली नाही. खाणीजवळचं केंद्र पहिलंच राहिलं, वहन खर्चवालं शेवटीच राहिलं. किंमत ग्राहकाने दिली, रांग तशीच. रांग बदलायला किंमत एवढी हवी की कोळसा दुसऱ्या कशाच्या तरी मागे जाईल, आणि ते दुसरं काहीतरी त्या वेळेला हजर हवं.

ब्रिटनमध्ये हे झालं. त्यांनी २०१३ पासून विजेच्या इंधनावर स्वतःची वेगळी कार्बन किंमत लावली, पुढे ती टनाला १८ पौंड केली. त्यांच्याकडे गॅसची केंद्रं बांधून तयार होती, दिवसातले थोडेच तास चालत होती. कोळसा थोडा महाग झाला आणि रांग उलटली. २०१२ मध्ये त्यांची ४० टक्के वीज कोळशाची होती. ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं. ज्या देशात १८८२ साली पहिलं सार्वजनिक कोळसा वीजघर उभं राहिलं, त्याच देशात.

आपल्याकडे गॅस महाग आणि आयातीचा. आपल्याला दिवसा सूर्य मिळतो. साक्रीला शिवाजीनगरचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ चा, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या त्याच्याही आधीच्या. आता दुपारी सौर वीज एवढी येते की कोळशाचे संच ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणावे लागतात. त्या भारावर हीट रेट बिघडतो, म्हणजे युनिटमागे कोळसा जास्त जळतो. आणि संध्याकाळी सूर्य मावळला की तासाभरात तेच संच वर चढवायचे. तेव्हा दुसरा कुणी रांगेत नसतो. म्हणून माझं मत असं: कर कितीही लावा, संध्याकाळी सहा ते रात्री अकराची वीज साठवायची सोय केल्याशिवाय त्याने फक्त बिल वाढेल. करातला पैसा बॅटरीत आणि पंप स्टोरेजमध्ये (पाणी उंचावर चढवून वीज साठवायची सोय) गेला असता तर गोष्ट वेगळी असती.

पांझरा_धुळे

काका, फार छान समजावलं. एक शंका. युरोपचा धूर कमी झाला कारण त्यांचे कारखाने चीनला आणि आपल्याकडे आले, असं आमचे प्राध्यापक म्हणतात. मग खरं काय?

उत्तरायण

थोडं खरं आहे, पण सगळं नाही. आयात केलेल्या मालाचा धूर मोजला तरी ब्रिटन आणि स्वीडन दोन्हीकडे घट दिसते, फक्त कमी दिसते. आणि त्यावरच आता सीबॅम आला आहे. १ जानेवारी २०२६ पासून युरोपात जाणारं लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत यांच्यावर सीमेवर कार्बनचा आकार लागू झाला. ज्या देशात कार्बनची किंमत आधीच भरली असेल तिथे तेवढी वजावट मिळते. म्हणजे आपण ती इथे गोळा केली नाही तर युरोपचं सरकार गोळा करेल.

भारताने २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली, त्यात हेही एक कारण धरायला हरकत नाही. नऊ उद्योग निवडले आहेत, त्यात पोलाद, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, खत, कागद, कापड आहेत. वीज केंद्रं त्यात नाहीत. आणि लक्ष्य आहे ते टन मालामागच्या धुराचं, एकूण धुराचं नाही.

तोरणमाळ_वाट

सगळ्यांचं वाचलं. मी नंदुरबार जिल्ह्यात महिला बचत गटांबरोबर काम करते. इथे माणशी धूर हा शब्द वापरायला हवा.

भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड येतो, अमेरिकेत चौदाच्या आसपास. पण हे दोन टनही सरासरी आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या घरात एक बल्ब, एक मोबाईल आणि चूल. त्या बाईच्या वाट्याला दोन टन येत नाहीत, त्याच्या जवळपासही नाही. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला गुजरातेत जातं. एप्रिलच्या उन्हात मोळ्या उचलणाऱ्या या बाया, आणि शहरातल्या एसीच्या विजेचा धूर त्यांच्या डोक्यावर.

माझ्या गटातल्या एका मावशीकडे सिलिंडर आहे. तो तिने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, चादर घालून, नीट झाकून ठेवलाय. पाहुणे आले की चहाला काढते. भरून आणायला पैसे एकरकमी लागतात आणि गाडीभाडं वेगळं. चुलीच्या धुराने तिचे डोळे सतत लाल असतात. उद्या गॅसवर, डिझेलवर कार्बनचा कर आला तर ती गॅस वापरायचा पूर्णच सोडेल. एसटीचं तिकीट वाढलं तर दवाखान्यात जाणं पुढे ढकलेल. कर लावू नका असं मी म्हणत नाही. मोठ्या विजेवर, मोठ्या गाड्यांवर, विमानावर लावा, आणि आलेला पैसा आधी तिच्या हातात द्या, रोख, वर्षातून दोनदा, आणि तो कशाचा आहे ते तिला तिच्या भाषेत सांगा. उत्तरायण दादांनी कॅनडाचं सांगितलं, ते त्याचमुळे मला फार महत्त्वाचं वाटलं.

बोर्डभाव

ताई, पटलं. माझ्या पंपाची वीज २०२४ पासून माफ आहे, साडेसात एचपीपर्यंत सगळ्यांचीच. मोटार रात्रभर चालली तरी मला फरक पडत नाही, आणि खरं सांगतो, चालते. म्हणजे बड्या बागाइतदाराला विजेची किंमत शून्य आणि त्या मावशीला सिलिंडर पुरा भावात. माफीऐवजी एकरी ठरावीक रक्कम खात्यात दिली आणि विजेला मीटर लावला, तर मी वाचवीन. पण आधी रक्कम, मग मीटर. उलटं केलं तर गावात कुणी ऐकणार नाही.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. माझं मत बदललं आहे, ते लिहितो.

धागा लिहिताना मला वाटत होतं की उपकर तीन डॉलरऐवजी पंचवीस केला की काम होईल. नाणेनिधीने २०२१ मध्ये आपल्यासारख्या देशांसाठी २०३० पर्यंत टनाला २५ डॉलरचाच तळ सुचवला होता. आता काकांचं वाचल्यावर माझ्याच भट्टीकडे वेगळं बघतोय. मी ब्रिकेटकडे वळलो कारण कोळसा महागला, पण वळू शकलो कारण पाचोऱ्याकडचा ब्रिकेटवाला आधीपासून होता आणि त्याच्याकडे पऱ्हाट्या येत होत्या. तो नसता तर मी महाग कोळसा घेऊन डाळ महाग विकली असती. म्हणून आधी पर्याय उभा करायला पैसा, त्याच्याबरोबर मावशीसारख्यांच्या हातात रक्कम, आणि मग दरवर्षी थोडी-थोडी चढणारी, आधी जाहीर केलेली किंमत. आणि ती धुरावर, कोळशाच्या भावावर नव्हे. १८ टक्क्यांची पद्धत इथेच चुकते असं मला ठामपणे वाटतं.

सोळा हजार कोटींच्या आकड्याचा राग मात्र जात नाही. बाकीच्या सत्तर हजार कोटींत संध्याकाळची किती वीज साठली असती.

बोर्डभाव

केळीचं खोड चालतं का हो ब्रिकेटला? कापणीनंतर ढीग पडतात.

गिरणाकाठ

नाही चालत दादा, खोडात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. वाळवायलाच जास्त जळण जाईल. ते मातीतच जाऊ द्या. पण कपाशी आहे का तुमच्याकडे?

बोर्डभाव

माझी नाही, धाकट्या भावाची सहा एकर आहे, यावलकडे. शेंदरी बोंडअळीमुळे कृषी विभाग सांगतो फरदड (हंगाम संपल्यावर तीच कपाशी ठेवून घेतलेलं जादा पीक) घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाट्या शेताबाहेर काढा. दरवर्षी बांधावर पेटवून देतो, मजूर लावून गोळा करणं परवडत नाही. भरितापुरत्या घरी आणतो तेवढ्याच.

गिरणाकाठ

पेटवू नका. आमचा ब्रिकेटवाला गेल्या वर्षीपासून कुट्टीचं यंत्र ट्रॅक्टरला लावून शेतावर पाठवतो. कोळसा चढा असला की तो यावलपर्यंत येतो, उतरला की पाचोरा-भडगावच्या पुढे त्याला डिझेल परवडत नाही. सध्या येईल की नाही ते उद्या विचारतो. आजूबाजूचे चार-पाच शेतकरी मिळून पंचवीस-तीस एकर झाले तर बहुतेक येईल. भावाला म्हणा, शेजाऱ्यांशी बोलून ठेव.

बोर्डभाव

सांगतो. वीस एकर तर आत्ताच होतील.